शिकंज्यावरचा लेप

संग्रहालयात त्यांना सगळे लेपवाल्या बाई म्हणत. गंजून पोखरलेली, खड्डे पडलेली लोखंडाची वस्तू त्यांच्या टेबलावर गेली की मेण, राळ आणि लोखंडाची भुकटी यांचा लेप भरून त्या ती अशी सावरायच्या, की मूळ धातू कुठे संपला आणि बाईंचा हात कुठे सुरू झाला हे भिंग लावूनही सांगता येऊ नये. खरं तर या कामाचा नियम वेगळा आहे. भरलेली जागा लांबून डोळ्यात खुपू नये, पण जवळ येऊन पाहणाऱ्याला ती ओळखू आलीच पाहिजे. बाईंना नियम तोंडपाठ होता. पण हाताला कौतुकाची सवय लागली की नियम हळूच मागच्या बाकावर जाऊन बसतो, तसं त्यांचं झालं होतं. वीस वर्षांत कुणी हटकलं नव्हतं.

त्या दिवशी बाई तासभर आधी आल्या आणि प्रयोगशाळेचं कुलूप न उघडता थेट तळघरात, हाडांच्या खोलीत उतरल्या. उत्खननातून येणारी जनावरांची हाडं धुऊन, निवडून, खोक्यांत भरणारे हाडवाले मामा तिथे बिस्किट चहात बुडवण्याच्या बेतात होते.

"मामा, घोड्याच्या तोंडात लोखंड घातलं तर तो चावतो का?"

"मी घातलं तर चावेल. तुम्ही घातलं तर दाताला लेप लावून घेईल." मामांनी मान वर केली आणि बाईंचा चेहरा बघून बिस्किट बशीत ठेवलं. "काय झालं?"

"मला वाटतं, शिकंजा म्हणजे शिकंजा नाहीये."

मामांनी आधी उठून दार लोटलं.

तो शिकंजा सध्या गावभर गाजत होता. गावाबाहेरच्या टेकडीवर जुनी चौकी आहे, नुसती जोती आणि अर्ध्या भिंती. तिथल्या मागच्या दालनात दोन महिन्यांपूर्वी तो सापडला. वीतभर लांबीच्या, बोटभर जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्या, एकमेकींना समांतर. बाजूला चौकट, चौकटीत स्क्रू, स्क्रूला फिरवायची मूठ. स्क्रू गंजून असा आवळला होता, की मूठ फिरवल्यावर पट्ट्या जवळ येत असतील की लांब जात असतील, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. संचालकसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, जवळ येत असणार. मध्ये कैद्याची मनगटं, वरून मूठ आवळायची. बस्स, शिकंजा. वर्तमानपत्रात फोटो आला, शेजारी चित्रकाराने विव्हळणारा माणूस काढला. संग्रहालयाच्या नवीन दालनाचं उद्घाटन उद्यावर आलं होतं आणि काचेच्या पेटीमागची पाटी रंगवून तयार होती. पाटीवर शेवटची ओळ अशी होती, की चौकीचा आणि या साधनाचा ताबा पाच पिढ्या एकाच रखवालदार घराण्याकडे होता. पुढे घराण्याचं नाव.

ते नाव बाईंच्या सासरचं होतं.

नवरा गेल्यापासून घरात बाई आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांचं वय चौऱ्याऐंशी. रोज सकाळी न्हाव्याच्या दुकानात जाऊन बाकावर बसायचं, दाढी असो नसो, आणि तासभर जगाचा निवाडा करायचा, हा त्यांचा नेम. फोटो छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बाकावर टेकले तेव्हा कुणीतरी बाही सारखी करत म्हणालं, "बाबा, जरा लांब बसा हं, आमची मनगटं नाजूक आहेत." सगळे हसले. बाबाही हसले, घरी आले, आणि गेले पंधरा दिवस त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. ताटातलं अर्धं तसंच राहू लागलं. एकदा मात्र ते आपणहून बोलले. "सूनबाई, आजोबा सांगायचे की चौकीवर घोडे असायचे. दुसरं कधी काही म्हणाले नाहीत. पण न सांगण्यासारखं असलं तर माणूस घोडेच सांगणार ना?"

"बरं, मग?" मामा म्हणाले.

"काल दुपारी तो पेटीतल्या स्टँडवर बसवायचा होता. स्टँडचे चिमटे पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला येतात, म्हणून माझा लेप कुठे कुठे आहे ते आठवत होते. मामा, माझा सगळा लेप बाहेरच्या अंगाला आहे. दोन्ही पट्ट्यांच्या. आतल्या अंगाला एकही खड्डा नव्हता."

"मग?"

"गंज असा निवडून खातो का? आणि मनगटं आत असती तर झिजायला आतली बाजू हवी. हे बाहेरून झिजलंय. म्हणजे पट्ट्या आवळत नव्हत्या, फाकत होत्या. कशाच्या तरी आत घालून ते उघडं ठेवत होत्या."

मामांनी बाईंकडे न बघता फळीवरचं एक खोकं ओढलं आणि त्यातून घोड्याचा खालचा जबडा काढून टेबलावर ठेवला. पुढचे सहा दात पंख्यासारखे मांडलेले. आपलं बोट त्यांनी पट्टीसारखं त्या दातांवर आडवं धरलं.

"घोड्याला औषध पाजायचं, दात घासायचे, तर तोंड उघडं ठेवायला असलं काहीतरी लागतं," ते म्हणाले. "अशी वस्तू मी पाहिलेली नाही. पण लागतं. बाई, खड्डे कसे होते? गोल, गंजासारखे? की दाबल्यासारखे?"

"मी नीट पाहिलं नाही. गंजाचे म्हणून भरून टाकले."

मामांनी जबडा परत खोक्यात ठेवला.

संचालकसाहेब वाईट माणूस नव्हते. नव्या दालनासाठी त्यांनी तीन वर्षं चपला झिजवल्या होत्या. बाईंचं सगळं ऐकून घेताना ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिले. मग म्हणाले, "बाई, मला समजतंय. घरात वडीलधारं माणूस आहे, लोक बोलतात, त्रास होतो. पण जरा बाहेरून बघा. लेप घातला तुम्ही. आता काढणार तुम्ही. खाली काय सापडलं तेही सांगणार तुम्ही. आणि तुम्ही त्याच घरच्या. उद्या मी हे कुणाला सांगू?"

"म्हणूनच मी एकटीने काढला नाही, साहेब. काल संध्याकाळी पेटी उघडीच होती, माझ्या हातात होतं. काढला असता तर खाली दिसलं ते मी केलं की आधीचं होतं, हे देवालाच ठाऊक राहिलं असतं. अकरा वाजता दालन तपासायला समिती येतेय. त्यांच्यासमोर काढते. सांगायचं काम मामांचं. मी तोंड उघडणार नाही."

"आणि खालच्या पट्टीला चीर आहे. तुमच्याच लेपाने ती धरून ठेवली आहे. मोडली तर?"

"मोडली तर मोडली असं लिहून देईन."

"आणि खाली काहीच निघालं नाही तर?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला तुमची काळजी वाटते हो," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

समितीत तिघं होते. दोघं सभ्य गृहस्थ होते आणि त्यांनी दिवसभर मान हलवण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. तिसऱ्या अध्यक्षबाई. ओतशाळेत तीस वर्षं लोखंड तपासून निवृत्त झालेल्या, उंच, केस बारीक कापलेल्या. त्यांनी बाईंचं म्हणणं उभ्यानेच ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो साहेबांना. "यांची कामाची वही कुठे आहे?"

वही साहेबांनी आधीच मागवून ठेवली होती. त्यांनीच ती वाचली. आवाज चढवला नाही, उलट थोडा खालीच होता. "'दोन्ही पट्ट्या, बाह्य अंग. गंजाचे खड्डे. खालच्या पट्टीस मध्यभागी चीर, चिरेत पांढरा खडा, बहुधा चुन्याचा, घट्ट. हलवला नाही. वरून भरून घेतले.' खाली सही बाईंची."

"म्हणजे दीड महिन्यापूर्वी तुमचं मत होतं, गंज," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो."

"आज मत बदललं, कारण पाटीवर तुमचं आडनाव आहे."

"मत बदललं कारण काल मी पहिल्यांदा विचार केला. पण आडनाव नसतं तर केला असता की नाही, हे मला छातीठोक सांगता येत नाही."

अध्यक्षबाईंनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. "काढा. पण एक सांगते. खाली गंजच निघाला तर पाटी आहे तशी लागेल, तुम्ही त्यावर संमतीची सही कराल, आणि प्रयोगशाळेची किल्ली साहेबांकडे द्याल. चालेल?"

साहेब काहीतरी बोलणार होते. बाई त्यांच्याआधी म्हणाल्या, "चालेल."

लेप काढणं हे लेप घालण्यापेक्षा सावकाश असतं. कापसाची काडी द्रावणात भिजवायची, जागेवर टेकवायची, थांबायचं, उचलायची, नवी घ्यायची. खरवडायचं नाही. बाईंनी वरच्या पट्टीपासून सुरुवात केली. पहिल्या दहा काड्या नुसत्या तपकिरी झाल्या. राळेचा वास पसरला तशी मामांनी खिडकी उघडली. आपण घातलेला एकेक थर विरघळताना बघून बाईंना लाज वाटत होती. केवढा सुरेख रंग जुळवला होता. कुणासाठी?

पहिला खड्डा उघडा पडला. मामांनी भिंग लावलं. अध्यक्षबाईंनी त्यांच्या हातून भिंग घेतलं.

"गंज," साहेब म्हणाले. "आहे ना?"

"गंज आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण तळाशी. कडा आत वळलेल्या दिसतात. दाबामुळे वळतात तशा. पण एका खड्ड्यावरून मी काही म्हणणार नाही. पुढे."

दुसरा खड्डा साधा गंजाचाच निघाला. तिसराही. तिसऱ्याच्या वेळी समितीतल्या एका गृहस्थाने घड्याळ पाहिलं आणि ते बाईंना न बघताही कळलं. चौथा लांबट होता, पुन्हा आत वळलेल्या कडांचा, पण साहेब म्हणाले की शिकंज्यावर हातोडा मारला तरी असं होईल, आणि त्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "होईल." वरची पट्टी संपली. निकाल ना इकडे, ना तिकडे.

खालची पट्टी. बाईंनी कडेकडेने लेप काढत आणला आणि चिरेपाशी थांबल्या. इथला लेप निघाला की पट्टीला धरून ठेवणारं काही उरणार नव्हतं. खाली वाळूची पिशवी होती, दोन्हीकडून आधार होता. तरीही.

"थांबायचं असेल तर थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत जे दिसलं त्यावर 'उपयोग अनिश्चित' असं लिहिता येईल. तुमच्या घराचं नाव मी काढायला लावीन. किल्लीही राहील."

खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी बाईंना वाट करून दिली होती. साहेबांनीही चटकन मान हलवली. बाईंना बाबांचं ताट दिसलं, अर्धं राहिलेलं. नाव पाटीवरून निघेल. पण न्हाव्याच्या बाकावरून? आणि बाबांच्या मनातून? 'अनिश्चित' हा शब्द घेऊन घरी गेलं तर बाबा विचारणार, म्हणजे काय गं? म्हणजे घोडे होते की नव्हते?

"काढते," बाई म्हणाल्या आणि नवी काडी भिजवली.

चार काड्या झाल्या. पाचवी टेकवली आणि टक् असा आवाज झाला. अगदी लहान, नख तुटल्यासारखा. पट्टीचा डावा अर्धा भाग वाळूवर किंचित खाली बसला.

"मोडलं," साहेब म्हणाले. ते उभे राहिले होते. "इतकी वर्षं जमिनीत टिकलं आणि आपल्या टेबलावर मोडलं."

बाईंनी काडी खाली ठेवली. त्या तुटलेल्या तोंडाकडे बघत होत्या. चिरेत, लोखंडात घट्ट रुतून, त्यांच्या वहीतला पांढरा खडा बसला होता. एका अंगाने तो आता मोकळा झाला होता. चुना असा चमकत नाही.

मामांनी वाकून पाहिलं, चिमट्याने हळूच खूण केली, आणि त्यांचा आवाज बदलला. "हा दात आहे. दाताचा तुकडा."

साहेब सावकाश खाली बसले. आणि मग, अगदी हळू, म्हणाले, "म्हणजे तोंडात घालत होते. कैद्याच्या." त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. उलट त्यांनाच ते सहन झालं नसावं. "मनगटं नव्हेच. दात मोडेपर्यंत..." पुढे त्यांनी वाक्य सोडून दिलं.

हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. फाकवणारं साधन, दात, तोंड. सगळं त्यांनीच मांडून दिलं होतं, आणि तोंड घोड्याचंच असेल हे कुणी ठरवलं? त्यांच्या गरजेने. मनगटं परवडली असती. आता घरी जाऊन काय सांगायचं, बाबा, तुम्ही समजत होतात त्याहून वाईट?

"मामा," अध्यक्षबाई म्हणाल्या, "कुणाचा?"

"बघू द्या."

"माणसाचा आहे का?"

"बघू द्या म्हटलं ना." मामा कधी कुणाशी असं बोलत नसत. त्यांनी तुकडा जागेवरून हलवला नाही. भिंग लावलं, दिवा एका बाजूने धरला, मग दुसऱ्या बाजूने. मग भिंग बदललं. बाईंनी टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते आणि मनातल्या मनात एकच म्हणत होत्या, जे असेल ते दिसू दे. घोडा असू दे, असं मागायचं त्यांच्या ओठावर येत होतं आणि त्या ते परत पाठवत होत्या.

मामांनी पाठ सरळ केली. "माणसाच्या दाताला वरून एकच कवच असतं. टणक, पांढरं. आत सगळा मऊ भाग. घोड्याच्या पुढच्या दाताला चावायच्या बाजूने मधोमध एक खळगा असतो आणि त्या खळग्यालाही आतून तसंच कवच असतं. म्हणजे मोडलेल्या कडेला दोन पांढऱ्या रेघा दिसतात, मध्ये पिवळट." त्यांनी भिंग अध्यक्षबाईंच्या हातात दिलं. "मोजा."

अध्यक्षबाईंनी पाहिलं. भिंग साहेबांकडे दिलं. साहेबांनी फार वेळ घेतला. मग भिंग खाली ठेवून रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, "दोन."

त्यानंतर मामांनी तळघरातून जबडा आणला, खालच्या पट्टीचे खड्डे आणि दातांची रांग शेजारी शेजारी मांडली. सगळे खड्डे जुळले नाहीत. एवढे घोडे, एवढी तोंडं, जुळणार कसे? पण झीज त्याच वळणाची होती. सभ्य गृहस्थांनी मान हलवली. पाटी उतरवायचं ठरलं. उद्घाटन आठवडाभर पुढे गेलं. साहेब स्वतः वर्तमानपत्राला फोन करायला उठले आणि दाराशी थांबून बाईंना म्हणाले, "नवीन पाटीचा मजकूर बाबांना वाचून दाखवा. पण दुरुस्त्या नकोत हं त्यांच्या."

बाई हसल्या. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी वही स्वतःकडे ओढली.

"आता दुसरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दात बुजवलात. पुरावा बुजवलात, आणि इतका सुंदर बुजवलात की आम्ही कुणी शोधू शकलो नसतो. या इमारतीत तुमचे असे किती लेप आहेत?"

मामा जबडा पुसायला लागले, पुसण्यासारखं काही नसताना.

"वीस वर्षांचे," बाई म्हणाल्या. "चारशेच्या वर."

"त्याखाली काय आहे, तुम्हाला सांगता येईल?"

काल दुपारपर्यंत त्यांनी ठामपणे सांगितलं असतं. "नाही," बाई म्हणाल्या.

"किल्ली ठेवा. पण नवीन काम नाही. सगळे उघडा, एकेक, कुणीतरी समोर बसलेलं असताना. वहीत आधीचं मत आणि आताचं मत शेजारी शेजारी लिहा. पहिली नोंद आजची." त्यांनी पेन पुढे केलं.

बाईंनी लिहिलं. 'पांढरा खडा म्हणून नोंदलेला तुकडा घोड्याच्या दाताचा आहे. न ओळखता बुजवला. खालची पट्टी उघडताना मोडली. दोन्ही माझ्या हातून.' सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

घरी पोचल्या तेव्हा दुपार टळत होती. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, वर्तमानपत्र मांडीवर घडी केलेलं. बाईंनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. "बाबा, घोडेच होते."

बाबांनी सगळं ऐकलं; मोडलेली पट्टी, दात, दोन पांढऱ्या रेघा. मध्येच एकदा म्हणाले, "परत सांग," आणि बाईंनी रेघांचं परत सांगितलं.

"दात मोडला म्हणजे दुखलं असेल त्याला," बाबा म्हणाले.

"हो."

"म्हणजे आपली माणसं काही फार हलक्या हाताची नव्हती." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "ते पण लिहा म्हणावं पाटीवर." मग सुनेकडे वळले. "आणि तू? तुझा चेहरा असा का?"

बाईंनी चारशे लेपांचं सांगितलं.

"सगळे?"

"सगळे. उद्यापासून. समोर साक्षीदार बसवून."

"किती दिवस लागतील?"

"नोकरी संपेपर्यंत पुरतील."

बाबांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, खुर्चीचे हात धरले आणि जोर लावून उभे राहिले. "मग उद्यापासून तुला लवकर निघावं लागेल," ते म्हणाले. "आता काहीतरी वाढ. दोघंही जेवू. मला भूक लागलीय."